बेलघाटचा जुना रस्ता

बेलघाट हे गाव नकाशात शोधायला जाऊ नका. एक तर नाव मी बदललं आहे, ताईनं तशी अट घातली होती. आणि खरं नाव सांगितलं असतं तरी त्या जागी तुम्हाला निळा रंगच दिसला असता. वैनगंगेवर मोठं धरण झालं तेव्हा काठची जी गावं पाण्याखाली गेली, त्यातलं ते एक. माझी मोठी बहीण सुमन, म्हणजे ताई, लग्न होऊन तिथं गेली, तिथंच तिचा संसार झाला, आणि गाव उठलं तेव्हा बाकीच्यांबरोबर तीही नव्या वसाहतीत आली. भाऊजी त्या नव्या घरात फार दिवस राहिले नाहीत. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. तेव्हापासून ताई कळमन्याला मुलाकडे असते. मुलगा प्रशांत तिथल्या बाजाराच्या यार्डात एका अडत्याकडे कामाला आहे.

मी प्रतापनगरला राहतो आणि इतवारीत माझं चष्म्याचं दुकान आहे. ज्या प्रवासाबद्दल लिहितो आहे तो तसा छोटाच, नागपूरहून निघून भंडारा जिल्ह्याच्या कडेपर्यंत आणि परत. लोक याहून लांब लग्नाला जाऊन येतात. पण परत आल्यावर ज्यांना ज्यांना मी हा प्रवास सांगितला त्यांनी तो दुसऱ्यांदा सांगायला लावला, म्हणून लिहून काढतो.

इतवारी

सुरुवात मोटारसायकलपासून करायला हवी. दिवाळीनंतर मी साडेतीनशे सीसीची नवी गाडी घेतली. काळी, रुंद टाकीची, वजनाला म्हशीसारखी. माझी आधीची गाडी म्हणजे सायकललाच इंजिन लावल्यासारखी होती; कुठेही वळवा, कुठेही टेकवा. हिच्यावर बसलो की दोन्ही पायांचे फक्त चवडे जमिनीला लागायचे. क्लच दाबून दाबून डावं मनगट दुखायचं. हँडल इतकं रुंद की इतवारीच्या गल्लीत एकीकडे हातगाडी आणि दुसरीकडे टेम्पो आला की मी कोपरं आवळून घ्यायचो, जशी काही त्यामुळे गाडी बारीक होणार होती. पहिल्याच आठवड्यात एका कापडाच्या दुकानापुढे गाडी माझ्यासकट अगदी सावकाश कलंडली आणि गाठोड्यांवर टेकून राहिली. गल्लीतल्या लोकांनी मिळून तिला उभं केलं. मला लागलं काहीच नाही, पण त्यानंतर बरेच दिवस त्या गल्लीतून मी पायी जात होतो.

बसायलाही ती वेगळी. जुन्या गाडीवर मी पाठ वाकवून बसायचो, ही सरळ बसवते. पाठीला ते बरं म्हणतात, पण माझ्या कमरेला वाकण्याची सवय होती, तिला हे सरळपण सोसेना. शोरूमच्या माणसानं सांगितलं होतं की नवं इंजिन आहे, मोकळ्या रस्त्यावर संथ चालवा, गाडी तुम्हाला ओळखेल. ‘तुम्ही गाडीला’ असं न म्हणता तो ‘गाडी तुम्हाला’ म्हणाला, हे तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

रामटेकला जावं असं माझ्या मनात होतं. ताई एका रविवारी घरी जेवायला आली असताना मी ते बोललो. ती म्हणाली, “रामटेक राहू दे. मले बेलघाटले घेऊन चाल.”

मी म्हटलं, “ताई, तिथं आता काय आहे? नुसतं पाणी.”

“मंग पानी पाहीन. डोये आहेत तोवर.”

ताईला काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं बहुतेक गेलं. समोरचं तेवढं दिसतं, तेही नळीतून पाहावं तसं. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं आहे की गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं. ती हे अगदी शांतपणे सांगते, जशी काही शेजारच्या कुणाची गोष्ट आहे. तिनं माझ्याकडे फार काही मागितलेलं मला आठवत नाही. मी हो म्हटलं.

उमरेडचा रस्ता

जानेवारीतली सकाळ. ताई सुनेचा पंजाबी ड्रेस घालून तयार होती. एका बाजूला पाय सोडून बसणार नाही, दोन्हीकडे टाकून बसणार, असं तिनं आधीच सांगून टाकलं होतं. मागची सीट कडक म्हणून तिनं घरची वाकळ घडी करून आणली आणि प्रशांतनं ती दोरीनं बांधून दिली. हेल्मेट तिनं आयुष्यात पहिल्यांदा घातलं. सुरुवातीला मी ब्रेक लावला की तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं, टक. शहर संपेपर्यंत आमची दोघांची डोकी अशी वाजत गेली.

शहर मागं पडलं, रस्ता मोकळा झाला आणि गाडी सुरळीत पळू लागली. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, गव्हाला कोवळा रंग होता. मी साठच्या आत चालवत होतो. मला वाटलं, जमतंय. तेवढ्यात गाडी डावीकडे ओढली गेली.

ओढली गेली म्हणजे घसरली नाही. कुणीतरी हँडलला नाही, तर खाली चाकांना हात घालून तिला हळूच डावीकडं न्यावं, तसं झालं. मी सावरून सरळ घेतली. थोडं पुढं गेल्यावर तीच ओढ उजवीकडं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा.

उमरेडला एका गॅरेजवर थांबलो. आलुबोंडा आणि त्यावर झणझणीत रस्सा खाईस्तोवर मिस्त्रीनं चाकं पाहिली, हवा पाहिली, एक चक्कर मारून आला. गाडी सरळ आहे म्हणाला, हात सोडले तरी सरळ जाते. मग ताईकडे पाहत हळू आवाजात मला म्हणाला की मागचं माणूस झुकत असेल. ताई बाकावर शांत बसून चहा पीत होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, मी कायले झुकू?

पुढं निघालो तेव्हा मी डावा आरसा जरा आत वळवून घेतला, ताई दिसेल असा. जंगलाचा पट्टा लागला. रस्ता नवा, चौपदरी, आखून ओढल्यासारखा सरळ. आरशात पाहिलं तर ताईचे डोळे मिटलेले होते. झोपली नव्हती, कारण मान ताठ होती. मी पाहत असतानाच तिचं हेल्मेट डावीकडं कललं, मग खांदा, मग कंबर, अगदी सहज, जसं वर्षानुवर्षं मागं बसणारं माणूस वळणावर कलतं. आणि मग गाडी डावीकडं गेली. पुढे रस्ता सरळच होता.

मी गाडी कडेला घेतली आणि विचारलं, तू झुकलीस का? ती म्हणाली, वळण आलं म्हणून झुकली.

“वळण कुठं आहे, ताई?”

तिनं डोळे उघडले. आधी पुढं पाहिलं, मग मान पूर्ण वळवून मागं, कारण बाजूचं तिला दिसत नाही. ती खाली उतरली. मग वाकळ सारखी करून पुन्हा बसली.

भिवापूरच्या अलीकडे, जिथं वाळत घातलेल्या मिरच्यांनी मैदानंच्या मैदानं लाल झाली होती आणि हवेतल्या तिखट खाटामुळे हेल्मेटच्या आत आम्ही दोघं खोकत होतो, तिथं चहाला थांबलो. टपरीवाल्या म्हाताऱ्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, हा रस्ता आधीपासून असाच आहे का. तो म्हणाला, नाही, पूर्वी लहान होता, फार वळणाचा. एक तलाव आडवा यायचा तर रस्ता त्याला वळसा घालून जायचा. नवा झाला तेव्हा सगळी वळणं काढून टाकली. भाऊजी आणि ताई त्यांच्या मोटारसायकलवर याच जुन्या रस्त्यानं नागपूरला यायचे, सणावाराला, आईच्या आजारपणात, प्रत्येक वेळी. रस्त्यातली वळणं काढून टाकली होती. तिच्या अंगातून ती निघाली नव्हती.

हे मी ताईला सांगितलं नाही. तिथून पुढं मात्र ती झुकली की मी हँडल घट्ट धरायचो. नसलेल्या वळणावर कुणीतरी आपल्याला वळवतं आहे, आणि ते कुणीतरी आपल्या कमरेला धरून बसलेलं आहे, हे फार विचित्र वाटतं.

नवी वसाहत

दुपार उतरताना वसाहतीत पोचलो. ताईची धाकटी जाऊ कौसल्या तिथं राहते. सारख्या मापाची घरं, सारख्या रांगा, मधोमध छोटंसं विहार आणि पाण्याची टाकी. गावात जो ज्याच्या शेजारी राहायचा तो इथं त्याच्या शेजारी नाही, चिठ्ठ्या काढून प्लॉट मिळाले होते. तरी लोक पत्ता सांगताना जुनाच सांगतात. आम्ही कौसल्याबाईंचं घर विचारलं तर एकजण म्हणाला, विहिरीजवळचं ना? तिथं विहीर नव्हती. ती पाण्याखाली होती.

जयभीम झाला, पायावर पाणी घेतलं, चहा झाला. जेवायला लाखोरीच्या पाल्याची भाजी, झिंग्यांची चटणी आणि भाताचा डोंगर. आम्ही नागपूरचे लोक पोळीशिवाय जेवण मानत नाही. इथं पोळी पाहुण्यापुरती, आणि तीही पाहुण्यानं नको म्हटली की सगळ्यांना बरं वाटतं. सकाळी फोडणीचा भात, दुपारी भात, रात्री भात. दुसऱ्या वाढीनंतर मला पोळीची आठवणही राहिली नाही.

आम्ही पाणी पाहायला आलो म्हटल्यावर कौसल्याबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. मग त्यांनी मला रस्ता नीट समजावला. वसाहतीतून निघालं की एक फाटा लागतो, तिथं हातपंप आहे. पंपापासून डावीकडं वळायचं, म्हणजे काठावरच्या देवळाच्या टेकडीवर जाल. सरळ जायचं नाही, सरळ जुना रस्ता आहे. सकाळी धुकं असतं, तर ऊन पडल्यावरच निघा, असंही त्या म्हणाल्या.

मी विचारलं, तुम्ही जाता का कधी?

“नाही भाऊ. लोक म्हनतात आवाज येतात, त्याच्यानं नाही. तिथं गेलं की मले परत यावं वाटत नाही, त्याच्यानं.”

ताई ताटात भात कालवत होती. तिनं वर पाहिलं नाही.

पाण्याकडे

सकाळी धुकं होतंच. ऊन पडायची वाट पाहायचं ठरलं होतं, पण ताई केव्हाच तयार होऊन गाडीजवळ उभी होती, हेल्मेटसुद्धा घालून. तिला म्हटलं, थोडं थांबू. ती म्हणाली, दुपारच्या उजेडात तिचे डोळे दिपतात, पाण्यावर तर काहीच दिसणार नाही, आताच बरं. ते खरं होतं. अशा डोळ्यांना चकाकी सोसत नाही, हे मला दुकानात रोज दिसतं. निघालो.

धुक्यात हेडलाइटचा उपयोग नसतो, समोर पांढरी भिंतच उजळते. मी डावीकडं हातपंप शोधत अगदी सावकाश चालवत होतो. पंप दिसला नाही. कडेला काही तरी उभं दिसलं, ते झाडाचं खोड निघालं. मग रस्त्याचा आवाज बदलला. खडी जाऊन खाली गुळगुळीत डांबर आलं, मधून मधून गवत उगवलेलं. फाटा अजून यायचा असेल असं समजून मी पुढं जात राहिलो.

आणि आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना मला थोडी लाज वाटते. त्या रस्त्यावर गाडी इतकी सुंदर चालली की तशी ती तोवर कधीच चालली नव्हती. ताई डावीकडं कलायची आणि तिथं खरोखर डावं वळण असायचं. उजवीकडं कलायची, उजवं वळण. मला फक्त तिच्याबरोबर जायचं होतं. मनगट दुखत नव्हतं, कंबर सरळ होती आणि तिला ते चालत होतं, हेल्मेटं एकदाही आपटली नाहीत. एवढी जड गाडी माझ्या पायांमध्ये पाण्यावरच्या डोंग्यासारखी, लहान होडीसारखी हलकी झाली. इतके दिवस ज्यासाठी धडपडत होतो ते हेच, असं मला वाटलं. मी गाणं गुणगुणू लागलो होतो.

मग लक्षात आलं की पाखरं बोलत नाहीत. कडेची झाडं दिसू लागली, ती सगळी पांढरी होती, सालं गेलेली, एक पान नाही. चिखलाचा ओला वास येत होता. गाणं माझ्या तोंडातच थांबलं, पण गाडी थांबवायचं मला सुचलं नाही. ताई हलकेच मागं रेलली, उतारावर माणूस रेलतं तशी, आणि लगेच उतार लागला. डांबर ओलं दिसलं. मग ते फार गुळगुळीत दिसलं. मग पुढचं चाक जड झालं.

मी दोन्ही ब्रेक दाबले. लिव्हर बोटांखाली थरथरली, गाडी थोडी सरकली आणि थांबली. खाली पाहिलं तर पुढचं चाक अर्धं पाण्यात होतं. पाणी डांबराच्याच रंगाचं होतं आणि त्याला काठ नव्हता. रस्ता कुठं संपला आणि ते कुठं सुरू झालं ते सांगता आलं नसतं. माझे बूट भरले. रस्ता तसाच, त्याच उतारानं, सरळ खाली पाण्यात जात होता.

मागून ताई म्हणाली, “काहून थांबला गा?”

“ताई, पाणी आहे.”

“हो ना. सरळ चाल. गाव पुढं आहे.”

तिचा आवाज अगदी रोजचा होता. बाजारातून येताना कुणी म्हणावं तसा. तिला पाणी दिसत नव्हतं असं नाही, मी सांगितलं ते तिनं ऐकलं होतं. तिचं वजन माझ्या पाठीवर पुढं आलं आणि गाडी बोटभर पुढं सरकली. मी इंजिन बंद केलं. ते केल्यावर कळलं की ती शांतता किती मोठी होती.

मी तिला उतर म्हटलं. ती उतरली नाही. गाडी मागं घ्यायला पाय रेटले तर खाली शेवाळ, चवडे घसरत होते. एका हातानं ब्रेक धरून ठेवला नाही तर गाडी तिच्या वजनानं आम्हाला घेऊन खाली जाणार, हे मला दिसत होतं. ताईचे दोन्ही हात माझ्या कमरेभोवती होते आणि ते घट्ट झाले. मी पुन्हा म्हटलं, ताई, उतर. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी तिला भ्यालो. माझ्या स्वतःच्या बहिणीला, जिनं मला कडेवर घेऊन वाढवलं, तिला मी त्या क्षणी भ्यालो. ते हात तिचेच आहेत की नाहीत हे खाली वाकून पाहायची मला हिंमत झाली नाही.

तेव्हा समोरून, पाण्यातून आवाज आला. टुक, टुक, टुक, टुक. एका लयीत.

“चक्की सुरू झाली,” ताई म्हणाली.

बेलघाटात पिठाची चक्की होती हे मला ठाऊक होतं. ती कुठं आहे हेही ठाऊक होतं. मी जितक्या जोरानं ओरडता येईल तितक्या जोरानं ओरडलो.

आवाज थांबला. धुक्यातून एका माणसानं विचारलं, “कोन आहे तिकडं?” आणि थोड्या वेळानं एक डोंगा पुढं आला. आत एक ढिवर, म्हणजे मासेमार, बसला होता, गळ्यापर्यंत घोंगडी, हातात काठी. जाळं लावून झालं की ते लोक डोंग्याच्या फळीवर काठी वाजवतात, त्या आवाजानं मासे जाळ्याकडं पळतात. टुक टुक ती होती. त्याचं नाव नामदेव.

त्यानं आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता कमरेइतक्या पाण्यात उतरून, वर येऊन गाडीचं पुढचं चाक धरलं. मग ताईकडं पाहून म्हणाला, “माय, तुम्ही आधी उतरा. पुढं पूल वाहून गेला आहे, तिथं माझा बांबू तळाले पुरत नाही.”

त्याचं ऐकून ती उतरली. लहान मुलासारखी, लगेच. आम्ही दोघांनी रेटून, घसरत, पुन्हा रेटून गाडी वर कोरड्यावर आणली. मी रस्त्यावरच बसून बुटांतलं पाणी ओतलं. नामदेवनं बिडी पेटवली. तो म्हणाला की धुक्यात हा रस्ता असाच आणतो. गाव उठल्यावर लोकांनी बैल लांबच्या गावांना दिले होते, तर ते दावं तोडून याच रस्त्यानं यायचे आणि पोटापर्यंत पाण्यात जाऊन उभे राहायचे, तोंड गावाकडं करून. मालक न्यायला आले की नुसते पाहायचे.

ताई त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, मले घेऊन चाल. मी नको म्हणणार होतो. पण तिनं माझ्याकडं वळून पाहिलं, त्या नळीएवढ्या नजरेत मला बरोबर पकडलं, आणि म्हणाली, “मी येतो परत. तू गाडीपाशी थांब.” आमच्याकडं बाया अशाच ‘मी येतो’ म्हणतात. डोंग्यात तिसऱ्याला जागा नव्हती. दोघं धुक्यात गेली.

मी गाडीवर बसून राहिलो. इंजिन निवताना बारीक टिकटिक करत होतं. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. ताईचा आवाज मला येत होता, शब्द नाहीत, नुसती चाल. ती थोडं बोलायची, मग थांबायची, मग हसायची, मग पुन्हा बोलायची. वाटेत भेटणाऱ्या लोकांशी माणूस बोलतं तशी. मधे एकदा मला वाटलं की दुसऱ्या बाईचं हसूही ऐकलं. समोरच्या काठावर कपडे धुणाऱ्या बाया असतील. धुकं होतं, मला दिसलं काहीच नाही, म्हणून मी तसंच मानतो.

ऊन वर आलं तेव्हा डोंगा परतला. ताईचा उजवा हात कोपरापर्यंत ओला होता आणि चेहरा निवांत होता. ती हेल्मेट घालत असताना नामदेवनं मला बाजूला घेतलं.

तो म्हणाला की तिथं खाली काय आहे ते त्याला ठाऊक नाही, तो दुसऱ्या गावचा, त्याला पाणीच माहीत. पण ताई त्याला सांगत गेली, इथून उजवीकडं, आता डावीकडं, आणि तिनं लिंबाचं झाड सांगितलं तिथं बांबू खरंच खोडाला लागला. “मी एकदा सरळ नेला डोंगा, तर माय रागावल्या. म्हने लोकाच्या घरावरून काहून नेतो, गल्लीनं चाल. मंग मी गल्लीनंच चाललो, भाऊ. पान्यावर कुठली गल्ली? पन चाललो.”

मी विचारलं, आणि घरी?

नामदेवनं बिडी विझवली. तो म्हणाला, एका जागी थांब म्हणाल्या. पाण्यात हात घालून बसल्या. बऱ्याच वेळानं हात काढला आणि म्हणाल्या, “चाल बापू. घरी कोनी नाही.”

परत

तिसऱ्या दिवशी परतलो. ताई डोळे उघडे ठेवून बसली होती. सगळ्या वाटेनं ती हे काय, ते काय विचारत होती आणि मी सांगत होतो. ती एकदाही झुकली नाही. तिचं हेल्मेट पुन्हा माझ्या हेल्मेटवर आपटू लागलं. गाडी पुन्हा जड झाली होती, पण ते ओझं माझ्या ओळखीचं होतं.

कळमन्याला तिला सोडलं. प्रशांतनं वाकळ सोडून घेतली, चहा झाला. तिचे डोळे आहेत तसेच आहेत, औषध चालू आहे, आणि डॉक्टर म्हणतात तेवढंच पुष्कळ. नाव बदलायची अट सोडली तर बेलघाटचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, आणि मलाही ते विचारवलं नाही.

फक्त त्या दिवशी मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली, गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली की धुक्याच्या दिवसांत तिकडं एकटा जाऊ नको.

मी हसून विचारलं, “काहून?”

“तुले आता रस्ता पाठ झाला आहे,” ती म्हणाली.

मी काही तरी बोलणार होतो, पण खरंच तो मला पाठ झाला होता. आताही डोळे मिटले की हातांना सगळं कळतं. आधी डावं वळण, मग उजवं, मग मोठं डावं. मग उतार.